जाड बाजू बैलाकडं

गेल्या महिन्यात आबासाहेबांचा नातू माझ्या दारात आला. पुण्याला इंजिनियर आहे. बाजेवर टेकला न टेकला तोच म्हणाला, "तात्या, आमच्या गोठ्यातली ती जुनी लाल गाडी मी पुन्हा चालती करतोय. आजोबा सांगायचे म्हणे, पुढचं सस्पेन्शन त्या मिस्त्रीनं उलटं लावलं म्हणून गाडी उसात गेली. तुम्ही तेव्हा त्याच्याकडं भाता मारायला होता ना? त्या मिस्त्रीचं काही आठवतं का?"

त्याच्यासमोर ठेवलेला चहा मी उचलून परत आत नेला.

आठवतं का म्हणे. पन्नास वर्षं माझ्या डोक्यातनं तो माणूस उतरला नाही. मी शाळेत दोन इयत्ता गेलो, त्यातली एक पुन्हा बसलो. हे लिहायला मला अख्खा महिना लागला. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी नको म्हणालो. माझ्या वतीनं एकदा एक माणूस बोलला, त्याचं पुरतं भोगून झालंय.

तो मिस्त्री कुठला होता, हे बारामतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं लढाईत लष्कराच्या ट्रका दुरुस्त करायचा, कुणी म्हणायचं बायको सोडून आलाय. विचारलं की म्हणायचा, "मी गाडीखालनं आलो." उंच, वाळका, पाठीत जरा वाकलेला. खाकी चड्डी आणि वर बाराबंदी, असला वेश मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिला नाही. गावाबाहेर इंदापूर रस्त्याला आबासाहेबांच्या जागेत त्याची पत्र्याची शेड होती. आबासाहेब म्हणजे शेळगावकडचे मोठे बागायतदार. गुळाला भाव आला तेव्हा ज्यांनी बंगले बांधले त्यातले.

मिस्त्रीचा पहिला कायदा असा की मालकानं गाडी रस्त्यापासनं शेडपर्यंत स्वतः ढकलत आणायची. चालू असली तरी बंद करून ढकलायची. नोकर चालायचा नाही, ड्रायव्हर चालायचा नाही. एक डॉक्टर धोतराचा काचा मारून ढकलत होते आणि हा दारात उभा राहून बघत होता. डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "मिस्त्री, ही काय पद्धत झाली?" हा म्हणाला, "वजन ज्याला ठाऊक न्हाय त्यानं हाकू नये. तुमी पेशंटला उचलून बघता का कधी?" डॉक्टरांनी पुन्हा गाडी आणली ती ढकलतच आणली. असल्या माणसाचं लोकांना कौतुक वाटतं. मला त्याच्याखाली राबायचं होतं, मला वाटत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी शेडच्या दारात बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल बघायचा. लोणी भापकरचा एक म्हातारा पाय ओढत चालला होता. हा ओरडला, "आबा, डावा बुश गेलाय तुमचा. वंगण पडत न्हाय तितं." म्हातारा थांबला, मागं वळला, म्हणाला, "आन् तुझ्या डोस्क्यातलं बेरिंग कवाच गेलंय. त्याला काय टाकतोस?" मिस्त्री तेव्हा हसला होता. त्याला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसरा कायदा. गाडीतनं जे झिजकं निघेल ते मालकाचं. पिन निघाली, बुश निघाला, तुटकी पात निघाली, तो ते रॉकेलनं धुवायचा, फडक्यात बांधायचा, वर मालकाचं नाव लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि मालकाच्या हातात द्यायचा. नको म्हणलेलं चालायचं नाही. "ज्याचं त्याला," म्हणायचा. "तुमच्या हातनं झिजलंय. दाराला टांगा. रोज दिसलं पाहिजे." आमच्या भागात कितीतरी दारांवर लिंबू-मिरचीच्या शेजारी गंजलेल्या पिना लटकत होत्या त्या ह्याच्यामुळं.

आणि तिसरा कायदा चुळीचा. पुढच्या अंगाचं काम झालं की गाडीची पहिली फेरी तोच मारणार. तोंडात पाण्याची चूळ धरायची, कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं. तेव्हाचा रस्ता म्हणजे खडीवर मुरूम. पाणी गिळलं गेलं किंवा ओठातनं गळलं तर गाडी परत खोलायची. पाणी तसंच राहिलं तर लिंबाच्या बुडात थुंकायचा आणि म्हणायचा, "न्या." चूळ धरल्याशिवाय त्यानं एक गाडी सोडली नाही. एकच गेली. ती कशी गेली ते सांगतो.

आधी माझं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. मी लोहार. बाप लोहार, आजा लोहार. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायच्या, टांग्याच्या कमानी, म्हणजे धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा, करायच्या. एसटीच्या गाड्या आल्या आणि बारामतीतले टांगे रिकामे उभे राहायला लागले. एक दिवस हा माझ्या भात्यावर आला, टांग्याच्या कमानीची एक पात उचलली, दगडावर आपटली, कानाशी नेली. बराच वेळ ऐकत राहिला.

"हिला पाणी कुणी दिलं?"

"मी."

"चल."

एवढंच. नाव विचारलं नाही. पुढं चार वर्षं मला "लोहार" म्हणूनच हाक मारली. माझं काम तो डोळे मिटून बोटानं तपासायचा. वाईट असलं तर एक शब्द न बोलता खोलून पुढ्यात ठेवायचा. चांगलं असलं तर "हं" म्हणायचा. त्या "हं"साठी मी काय काय केलं ते आठवलं की मला आज माझाच राग येतो.

आता ती गाडी. एका कारखान्याचा गोरा इंजिनियर मायदेशी गेला, जाताना आबासाहेबांना विकून गेला. दोन माणसांची, बसकी, उघडी, लांब नाकाची, चाकांना सायकलसारख्या तारा. त्या गाडीतनं आबासाहेब जायला लागले की रस्त्याची गुरं शेपट्या वर करून पळायची. पण पुढचं अंग पार गेलं होतं. वेग आला की स्टेरिंग हातात थडथड उडायचं.

आबासाहेब गाडी घेऊन आले आणि रस्त्यावर हॉर्न वाजवत बसले. मिस्त्री म्हणाला, "ढकला." आबासाहेबांना वाटलं चेष्टा करतोय. म्हणाले, "मी? माझ्याच जागेत?" मिस्त्री म्हणाला, "जागा तुमची, कायदा माझा." आबासाहेब परत गेले. दोन दिवसांनी दुपारी, रस्त्याला कुणी नाही असं बघून आले आणि ढकलली. माझ्याकडं बघून मिशीत पुटपुटले, "ह्यो का बघतोय?" मी बघितलं हा राग त्यांनी मनात ठेवला, हे मला तिथंच दिसलं.

गाडी आत आल्यावर ते अंग पुसत म्हणाले, "मिस्त्री, ह्या गाडीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. ह्या लोहाराचा तर न्हायच. ही काय बैलगाडी न्हाय. नीट केलीस तर ही जागा तुझ्या नावानं करून देतो. न्हाय तर पत्रे उचलायचे."

मी तिथंच उभा होतो. हातात घण होता. मला वाटलं मिस्त्री आता काही तरी बोलेल. लोणीच्या म्हाताऱ्याला सोडत नाही तो ह्यांना काय सोडणार.

मिस्त्री म्हणाला, "बरं."

आबासाहेब गेल्यावर त्यानं मला पाना दिला. "चाकं काढ." मी म्हणालो, "तुमी शब्द दिलाय न्हवं?" तर म्हणाला, "शब्द मी दिलाय. तू कुठं दिलायस? काढ."

अकरा दिवस काम चाललं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, पुढच्या दोन चाकांमधला आख खाली उतरवला. किंगपिना म्हणजे ज्यावर चाक वळतं त्या खुंट्या, त्या अशा झिजल्या होत्या की मधे कंबर पडलेली. मिस्त्रीनं ट्रकच्या मोडक्या दांड्यापासनं लेथवर नव्या केल्या. पितळेचे बुश, म्हणजे ज्यात ती पिन फिरते त्या नळ्या, पाणी-इंजिनाच्या जुन्या तुकड्यातनं काढले. पिनेला काजळ लावायचं, बुशात फिरवायची, काळं कुठं लागलं ते बघायचं, तेवढंच खरवडायचं. एका बुशाला त्यानं दीड दिवस घातला. ते त्याचं काम होतं आणि ते मी कधी माझं म्हणणार नाही.

कमानी माझ्या. दोन्ही कमानींची मुख्य पात टोकाच्या डोळ्यापाशी चिरली होती. शेडच्या मागं गोणपाट लावलं आणि मी त्या चोरून केल्या. होय, चोरून. बाहेर गाडी थांबली की मिस्त्री खोकायचा आणि मी घण खाली ठेवायचो. पात लाल करून तेलात बुडवायची, मग पुन्हा मंद आचेवर धरायची, कबुतराच्या मानेसारखा निळा रंग चढेपर्यंत. तो रंग यायचा असतो तेव्हा पापणी हलवायची नाही. बापानं मला तेवढं एकच शिकवलं. दोन्ही कमानी बांधून तयार झाल्या तेव्हा मिस्त्रीनं डोळे मिटून बोट फिरवलं, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत, आणि "हं" म्हणाला. मग परत एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा त्यानं कधी फिरवलं नव्हतं.

आता पाचरी. कमान आणि आख ह्यांच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी पाचर होती. बोटाएवढी लांब, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. तिच्यामुळं आख जरासा मागं रेलतो आणि वळवलेलं चाक आपोआप सरळ होतं. हे मला आज ठाऊक आहे. मिस्त्रीनं खोलताना दोन्हींवर खडूनं बाण काढले होते, पुढं कुठली बाजू त्याचे. मी छिन्नीची खूण करणार होतो, आम्ही तशीच करतो. तो म्हणाला, विलायती लोखंडाला चरा नको. मग मी त्या रॉकेलमधे धुतल्या. खडू गेला.

मिस्त्री दहा पावलांवर लेथवर होता. विचारलं असतं तर मान न वळवता सांगितलं असतं. मी विचारलं नाही. चार वर्षं जो नाव विचारत नाही त्याला मी काय विचारायचं? आणि मला विचारायची गरजही वाटली नाही. आमच्यात बैलगाडीचा आख बसवताना बाप म्हणायचा, आजा म्हणायचा, जाड बाजू बैलाकडं. मोटारीला बैल कुठं असता? पुढंच की. मी जाड बाजू पुढं केली आणि नट कसले.

संध्याकाळी मिस्त्रीनं बोट फिरवलं. कमानीवरनं फिरवलं, पिनांवरनं फिरवलं, पाचरींवरनंही गेलं असेल. म्हणाला, "हं."

दुसऱ्या दिवशी चूळ व्हायची होती, पण रात्रीत त्याचा गाल नारळाएवढा झाला. दाढ. तोंडात पाणी ठरेना. प्यायला घेतलेलंही गळत होतं. मी म्हणालो, बिनचुळीची फेरी मारा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बिनचाकाची मारा म्हणालो. बारामतीतल्या कुणाकडं तो जाईना. पुण्याला एक चिनी दातवाला होता, त्याच्याशिवाय कुणी तोंडाला हात लावायचा नाही. सकाळच्या एसटीनं निघाला. फडकं गालाला बांधून, खिडकीतनं मला म्हणाला, "मी येईस्तोवर गाडी हलवायची न्हाय."

अकराच्या सुमाराला आबासाहेब आले.

"मिस्त्री कुठाय?"

"दाढ काढायला गेलाय पुण्याला."

"त्याच्या दाढेसाठी माझी गाडी अडली व्हय? झालीय का काम?"

"मिस्त्री आल्यावर—"

"मिस्त्रीचं न्हाय विचारत. गाडी झाली का न्हाय? का तुला काय कळतच न्हाय त्यातलं? तू आपला भातेवाला."

मी म्हणालो, "झाली."

त्या एका शब्दाचं मी काय करू? नाही म्हणालो असतो तर ते परत गेले असते. पण भातेवाला म्हणाले ना. ज्या गाडीच्या कमानी मी केल्या तिच्याजवळ उभा राहून मला कळत नाही म्हणाले. म्हणून मी झाली म्हणालो, आणि ती झाली होती हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत होतं. गाडी गेली तेव्हा मी तिच्या पुढच्या अंगाकडंच बघत होतो. कशी पाण्यावरनं गेल्यासारखी गेली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कालव्याच्या वळणावर आबासाहेबांनी स्टेरिंग वळवलं आणि ते परत आलं नाही. चाक वळलं ते वळतच गेलं. गाडी रस्ता सोडून उसात शिरली, बाभळीच्या बुंध्याला लागून थांबली. आबासाहेबांचं गळ्याखालचं हाड मोडलं. आख वाकला.

मी सायकलवर पोचलो तेव्हा माणसं जमली होती. डॉक्टर, तेच धोतरवाले, हात बांधत होते. आबासाहेबांनी घरी जायला नकार दिला. म्हणाले, मिस्त्री आल्याशिवाय मी हितनं हलणार न्हाय. दुपारच्या एसटीनं तो वळणावरच उतरला. तोंडात कापसाचा बोळा, हनुवटीवर रक्त. सरळ उसात गाडीखाली आडवा झाला. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. मी त्या पायांकडं बघत होतो. एकदा ते हलले, मग अगदी निश्चल झाले. तेव्हा मला कळलं की त्याचा हात पाचरीवर पोचलाय. आणि त्याच क्षणी, देवाशपथ, मलाही कळलं.

तो बाहेर आला. बोळा काढला, थुंकला.

"माझी चूक," म्हणाला. "पाचरी उलट्या बसल्या. मी बसवल्या."

मी पुढं झालो. "मिस्त्री, पाचरी—"

"लोहार," तो म्हणाला, "तू जा, भाता बघ. हितं तुझं काय काम?"

पन्नास माणसांत म्हणाला. आणि लोकांनी मला वाट करून दिली, जायला.

आबासाहेब बांधाला टेकून बसले होते. म्हणाले, "शब्द देऊन असं केलंस. कमानी मात्र झकास केल्यास, न्हाय तर गाडी उलटली असती आन् मी मेलो असतो."

मी मिस्त्रीच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, चूक घेतलीस, घे. हे तरी सोड. तो मान खाली घालून उभा राहिला, म्हणजे ते पण घेतलं.

वाकलेल्या आखातनं त्यानं त्या दोन पाचरी तेवढ्या काढून घेतल्या. आठ दिवसांत पत्रे उतरले. लेथ, ऐरण, हत्यारं बैलगाडीत भरून तो इंदापूरला गेला. त्या बैलगाडीच्या धावा मीच चढवल्या होत्या. मला चल म्हणाला नाही. मी विचारलं नाही.

बायको म्हणाली, "अवं, वाचवलं की त्यानं तुमास्नी. आबासाहेबांनी तुमाला हितं ऱ्हाऊ दिलं असतं का?" ती वडगाव निंबाळकरची, तिला सगळ्यात चांगलंच दिसायचं. मी त्या दिवशी जेवलो नाही. वाचवलं म्हणजे काय? माणूस बुडत असला तर वाचवतात. मी बुडत नव्हतो, मी उभा होतो. चूक करायला सुद्धा माणूस त्या लायकीचा लागतो. अख्ख्या बारामतीत एकाच्या मनात आलं नाही की ही लोहाराची चूक असेल. कारण असल्या गाडीला लोहाराला हात कोण लावू देईल? त्यानं ते खरं करून ठेवलं.

मी शेळगावला बंगल्यावर गेलो. आबासाहेब झोपाळ्यावर, गळ्यात हात. म्हणालो, "पाचरी मी बसवल्या. कमानी बी मी केल्या." ते हसले. हसताना हाड दुखलं म्हणून मग जास्त चिडले.

"त्यानं शिकवून धाडलं व्हय तुला? जागा परत पाहिजे म्हणून?"

"न्हाय. खरं सांगतोय."

"त्यानं मला शब्द दिला होता, तुझा हात लागणार न्हाय म्हणून. तो चुकंल, पण खोटं बोलणार न्हाय. जा, ताक पिऊन जा."

मी ताक प्यालो नाही. तिथनं पायी इंदापूरला गेलो. मिस्त्री एका मोटार अड्ड्याच्या कडेला, चिंचेखाली ठाण मांडून बसला होता. शेड नाही, पत्रा नाही. ट्रकची कमान सोडवत होता. मी आल्याचं त्यानं चालीवरनं ओळखलं असणार, मान वर केली नाही.

"पाचरी द्या," मी म्हणालो.

"न्हाईत."

"तुमी कुणाचं झिजकं टाकत न्हाय. द्या. आबासाहेबांच्या पुढ्यात ठेवतो. त्यावर माझ्या पकडीचे दात उठलेत."

"पाचरी माझ्या हायेत," तो म्हणाला. "मी बोट फिरवलं व्हतं. हं म्हणलो व्हतो. हं म्हणल्यावर काम माझं."

"मग कमानीला बी हं म्हणला व्हता. दोनदा फिरवलं बोट. त्या बी तुमच्याच का?"

तो नट फिरवायचा थांबला. पाना तसाच हातात. मग म्हणाला, "व्हय."

मी त्याच्या पेटीला लाथ मारली. सगळी हत्यारं मातीत गेली. तो उठला नाही. एकेक उचलून पुसायला लागला. मी वळलो तेव्हा मागनं म्हणाला, "लोहार, उजवा गुडघा जपून टाक." ते ऐकून तर माझं डोकंच फिरलं. आज माझा उजवाच गुडघा गेलाय.

बारा वर्षं बोललो नाही. इंदापूरला जायची वेळ आली तर मी अड्ड्याच्या अलीकडं उतरायचो. तो एकदा बारामतीच्या बाजारात समोरासमोर आला, दोघंही दुसऱ्याच दुकानांत शिरलो. मी बांगड्यांच्या दुकानात. ह्याचं हसू तुम्हाला येईल. मला येत नाही.

मग एक ट्रक ड्रायव्हर आला. म्हणाला, मिस्त्री गेला. पेटीत एकच पुडकं उरलं होतं, बाकी ज्याची त्याला पोचवून झाली होती. त्यानं फडक्यातलं पुडकं दिलं. वर पुठ्ठ्याची चिठ्ठी. मी एकेक अक्षर लावत वाचली. माझं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. लोहार कुठंच नाही. माझं आडनाव त्याला ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं आणि त्यानं एकदा तोंडातनं काढलं नाही.

आत दोन पाचरी. तेल लावलेल्या. जाड बाजूला पकडीचे दात, माझ्या.

बायको म्हणाली, "बघा, दिल्या शेवटी." मी म्हणालो, आता कुणाला दाखवू? आबासाहेब जाऊन तीन वर्षं झाली होती. डॉक्टर गेले. त्या उसातल्या पन्नासांतला एक जण सांग ज्याला आता ह्याची पडलीय. त्यानं माझी चूक मला दिली ती अशी, सगळे साक्षीदार मेल्यावर. लोकांना असल्या गोष्टीनं पाणी येतं डोळ्यांत. मी त्या पाचरी मूठ दुखेपर्यंत आवळून बसलो. आणि मग खिळा ठोकून दाराला टांगल्या, कारण कायदा तसा होता.

तर गेल्या महिन्यात नातवाचा चहा मी आत नेला, आणि परत येऊन त्याला दार दाखवलं. म्हणालो, "ही तुझ्या आजोबाचं हाड मोडणारी चूक. माझी हाय. मिस्त्रीची न्हाय."

तो उठून बघायला लागला. शहाणा मुलगा आहे, हात लावला नाही. त्याच्याजवळ एक वही होती, गाडीचं सगळं त्यात लिहिलेलं. मी म्हणालो, "काय लिहिलंयस त्यात? वाच." त्यानं वाचलं. मिस्त्री, मिस्त्री, मिस्त्री.

"खोड ते. माझं नाव लिही. कमानी कुणी केल्या लिहिलंयस का?"

"त्या पण मिस्त्रींनीच, असं आजोबा—"

"खोड."

त्यानं खोडलं. मी नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव. मग तो भीत भीत म्हणाला, "तात्या, ह्या पाचरी मिळतील का? गाडीत नाहीयेत, बसवायला लागतील."

"न्हाय. ह्या माझ्या. तुला नव्या करून देतो. पण गाडी हितवर ढकलत आण. तू स्वतः."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा तो थांबला.

वाकलेला आख त्यानं पुण्याला सरळ करून घेतला आणि परवा गाडी आणली. रस्त्यापासनं माझ्या दारापर्यंत, घामानं निथळत. कमानी मी पन्नास वर्षांनी बघितल्या. वर गंज होता, पण वाक तोच. एकही पात दबली नव्हती. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

पाचरी मी करून ठेवल्या होत्या. ह्या खेपेला छिन्नीनं चरा मारला, कुणी नको म्हणायला नव्हतं. पण बसवल्या त्याच्याकडनं. तो गाडीखाली, मी बाजूला पाटावर. खालनं विचारलं, "तात्या, जाड बाजू कुठं?" बापाचं नाव घेऊन सांगतो, तोंडात बैलाकडं आलं होतं. म्हणालो, "हाकणाऱ्याकडं."

त्यानं नट कसले. बाहेर आला, हात पुसत उभा राहिला. मी वाकलो, गुडघा कुरकुरला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. आधी कमान. मग पाचर. बरोबर होती. अगदी बरोबर. "हं" माझ्या घशापर्यंत आला.

मी तो गिळला. हा पोरगा आज शिकला, पुढं त्याचं बरं होईल, वाईट होईल, पण जे होईल ते त्याचं राहील. माझ्या एका "हं"नं मी ते घेणार नाही.

"तात्या, बरोबर आहे का?"

"मला काय विचारतोस," मी म्हणालो. "तांब्या तितं हाय. चूळ भर, आन् पुलापतूर जाऊन ये."